झल्लाकसमोरची ती तिघं

आधीच सांगून ठेवते, मी आयुष्यभर शाळेत फिजिक्स शिकवलं. भूत, करणी, भानामती असलं काही कुणी माझ्यासमोर काढलं की मी त्या माणसाला विचारायची, "चष्म्याचा नंबर कधी तपासलात?" सासूबाई दृष्ट काढायच्या, तेव्हा मिरच्यांचा खकाणा का उठला नाही याचं कारण मी त्यांना तिथल्या तिथं समजावून द्यायची. त्यामुळे त्यांचं माझ्यावर बेताचंच प्रेम होतं. या सदरातले अनुभवसुद्धा मी बरीच वर्षं वाचतेय आणि खोटं कशाला बोलू, निम्म्यांवर मनातल्या मनात लाल फुली मारलीय. आज मीच लिहायला बसलेय... हसायचं तर हसा. तुमच्या जागी मी असते तर हसलेच असते.

गोष्ट बहरीनची, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. सौदीला जोडणारा समुद्रावरचा पूल तेव्हा नुकता बांधायला घेतला होता. आम्ही गुदैबियात एका जुन्या इमारतीत राहायचो. खाली मल्याळी माणसाचं किराणा दुकान, समोर उडप्याचं हॉटेल, जिन्यात कायम कुणाच्या तरी फोडणीचा वास. आमचे हे, म्हणजे मोहनराव, एका बांधकाम कंपनीत अकाउंटंट होते. मी इंडियन मुलांच्या शाळेत शिकवायची. मुलगी मुक्ता, सात वर्षांची. आम्ही मराठीत विचारायचं आणि तिनं इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचं, असा आमच्या घरात अलिखित करार होता.

मी पुण्याची. मोहनराव हर्णैजवळच्या एका गावचे. ऑफिसात टाय लावून बसणारा हा माणूस समुद्र दिसला की एकदम गावचा व्हायचा. "अगो, आमचं लहानपण खाडीत गेलं," हे वाक्य मी लग्नानंतर इतक्या वेळा ऐकलंय की झोपेत कुणी अर्धं म्हटलं तर पुढचं मी पूर्ण करीन. आणि त्यांचा तो हिशेब! कोकणातल्या माणसांना तो पाठच असतो. पंचांगात तिथी बघायची, तिला तीननं गुणायचं, चारनं भागायचं, की आली पूर्ण भरतीची वेळ. त्यानंतर सहा तास पाणी ओसरणार. घड्याळ चुकेल, तिथी चुकायची नाही, असं ते छातीठोक सांगायचे. गावी मी तो हिशेब स्वतः पडताळून पाहिला होता आणि दर वेळी बरोबर आला होता, हेही कबूल करते. चंद्राचा आणि भरतीचा संबंध आहेच की. त्यात काय जादू?

बहरीन म्हणजे बेटांचा पुंजका. मोठ्या बेटाच्या आजूबाजूला लहान लहान बेटं, खडक आणि वाळूचे पट्टे. काही तर ओहोटीला वर येणारे आणि भरतीला नाहीसे होणारे. समुद्र इतका उथळ की मैलभर चाललात तरी गुडघ्याच्या वर पाणी येत नाही, आणि मग अचानक येतं. मुक्ताला शाळेत पक्ष्यांची चित्रं काढायला सांगितली होती आणि तिला खरा फ्लेमिंगो बघायचा होता. मोहनरावांना तेवढं निमित्त पुरलं. झल्लाकला एक ओळखीचा मच्छीमार होता, अबू सालेम, उतारवयाचा, पांढऱ्या दाढीचा. त्याची एक छोटी इंजिनची बोट होती. त्याच्या बोटीनं समोरच्या वाळूच्या पट्ट्यावर जायचं, पक्षी बघायचे, खायचं-प्यायचं आणि परत, असा बेत ठरला.

शुक्रवार होता, सुट्टीचा. वर एकादशी. म्हणजे ह्यांचा उपास, म्हणजे मला पहाटे उठून साबुदाण्याची खिचडी. डब्यात खिचडी, काकडीची कोशिंबीर, एक मोठा थर्मास पाणी आणि मुक्ताची गळ्यातली वॉटरबॅग. निघताना इतकी घाई झाली की मी हाताला येईल ते नेसले. ही घाई लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

झल्लाकच्या किनाऱ्यावर मोहनरावांनी हिशेब मांडला. "एकादशी. अकरा त्रिक तेहतीस, भागिले चार. सव्वाआठला भरती झाली. आता दोन-अडीचपर्यंत पाणी उतरतच जाणार. निवांत!"

अबू सालेमनं आम्हाला त्या पट्ट्यावर उतरवलं तेव्हा सकाळच होती. लांबलचक, पांढरी, स्वच्छ वाळू. किनारा मागं एक धुरकट रेघ म्हणून दिसत होता. बोट ढकलता ढकलता म्हातारा म्हणाला, "मैं गरगूर उठा के आता है." गरगूर म्हणजे त्यांचे तारेचे मासे पकडायचे पिंजरे. "तुम इदर बैठो. दूर नहीं जाना. पानी आएगा."

"अरे अबू सालेम, पानी अबी जाएगा," मोहनराव हसत म्हणाले. "मैं भी समुंदरवाला है. आराम से आओ, तीन बजे आओ."

म्हाताऱ्यानं ह्यांच्याकडे एकदा आणि पाण्याकडे एकदा बघितलं. "मैं जल्दी आएगा, इंशाल्ला," एवढंच बोलून त्यानं इंजिन सुरू केलं.

"बघितलंस?" मोहनराव मला म्हणाले. "भरती होऊन गेली तरी एवढा पट्टा उघडा आहे. ओहोटीला किती मोठा होईल बघ!"

पहिले काही तास इतके सुंदर गेले की त्याबद्दल मी वेगळं लिहीन कधीतरी. लांबवर फ्लेमिंगोंचा थवा उथळ पाण्यात चोची घालून उभा होता. मुक्ता श्वास रोखून बघत होती. "आई, दे आर रिअली पिंक!" आपण चित्रात जास्त गुलाबी रंग दिला म्हणून तिला बाईंनी टोकलं होतं, त्याचा हा सूड. मोहनरावांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तिला खेकड्यांची बिळं दाखवत हिंडले. मी छत्री वाळूत रोवून खाली बसले. उपासाची खिचडी उपास नसलेल्यांनीच जास्त खाल्ली.

मुक्तानं पाण्यापासून चांगलं लांब वाळूचं घर केलं होतं आणि त्याच्या दारात आपल्या चपला नीट मांडून ठेवल्या होत्या. जेवण झाल्यावर ती ओरडली, "आई, माय चप्पल्स आर स्विमिंग!"

मी बघितलं. घर नव्हतंच. दोन लाल चपला पाण्यावर हलत होत्या.

"एखादी मोठी लाट आली असेल," मोहनराव म्हणाले.

"लाटा कुठायत?" मी म्हटलं. समुद्र ताटात वाढल्यासारखा सपाट होता.

त्यांनी छत्रीच्या दांड्यानं पाण्याच्या कडेला वाळूत एक रेघ ओढली. आम्ही तिघं तिथं उभं राहून बघत बसलो. रेघ ओली झाली. मग पुसट झाली. मग दिसेना. त्यांनी दुसरी ओढली, जरा मागं. तीही गेली. मी ह्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. हा माणूस घाबरला की बोलायचा थांबतो, आणि ते आता बोलत नव्हते.

"तुमचा तो हिशेब..." मी म्हटलं.

"हिशेब बरोबरच आहे."

"कुठल्या समुद्राचा?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. तेव्हा दोघांच्याही एकदमच डोक्यात प्रकाश पडला. चंद्र तोच, तिथी तीच. पण भरतीची वेळ जागेजागेला वेगळी असते. तीननं गुणून चारनं भागायचं ते हर्णैला. इथलं पाणी सकाळी ओसरून संपलं होतं आणि आम्ही खिचडी खात होतो तेव्हापासून चढत होतं. मी कपाळावर हात मारला. तशी मला सवयच आहे, आधी दोनदा हात हलवून "अहो, बघा, बघा" करायचं आणि मग कपाळावर मारायचा. वर्गातली पोरं माझी तीच नक्कल करायची.

तेवढ्यात वारा सुटला. शमाल, तिथला वायव्येचा वारा. तो सुटला की धूळ घेऊनच येतो. बघता बघता किनाऱ्याची रेघ पुसली गेली. आकाश, पाणी सगळं एकाच मातकट रंगाचं झालं. अबू सालेमच्या बोटीचा पत्ता नाही. पट्टा आता अंगणाएवढा उरला होता. मला पोहता येत नाही. मुक्ताला येत नव्हतं. मोहनरावांना येतं, पण ते दोघींना घेऊन कुठं पोहणार होते? आणि कुठल्या दिशेला?

मला तेव्हा वाटलेलं स्पष्ट सांगते. मला वाटलं, आपली पोर आज जाणार. दुसरा विचारच नव्हता.

"आई, लुक. पीपल," मुक्ता म्हणाली.

वाऱ्यात धूळ मधेच विरळ होत होती. तशी ती विरळ झाली आणि पलीकडे पाण्यात एक काळपट उंचवटा दिसला. हाक पोचणार नाही इतका लांब, पण रंग कळतील इतका जवळ. त्याच्यावर तीन माणसं उभी होती. एक पुरुष, एक बाई आणि एक लहान मूल. पुरुषानं मुलाला कसल्यातरी हिरव्या कापडानं स्वतःच्या कमरेला बांधलं होतं. बाईच्या अंगावर लालभडक घागरा होता. ती आमच्याकडे बघून दोन्ही हात हलवत होती. या, या, इकडे या!

"काय बाई आहे," मी म्हटलं. "समुद्रावर घागरा घालून आलीय!" भीतीत माणूस काहीही बोलतं.

पुढच्याच क्षणी माझ्यातली मास्तरीण जागी झाली. मुक्ताला म्हटलं, "मृगजळ असेल ते. तापलेल्या हवेत प्रकाश वाकतो." पण मृगजळ हात हलवत नाही, हे मलाही कळत होतं.

"आपण इथंच थांबायचं," मोहनराव म्हणाले. "अबू सालेम आपल्याला इथंच शोधायला येणार. आणि... आमच्याकडे म्हणतात, पाण्यातून अनोळखी कुणी बोलावलं तर जायचं नसतं."

"आता पुरे करा तुमचं कोकण!" मी ओरडले. "तुमच्या कोकणानंच आपल्याला इथं आणलंय!"

पाणी आमच्या घोट्यांवर आलं होतं. वाळू पायाखालून सरकायला लागली होती. आणि आम्ही असेच थांबलोय हे बघून पलीकडची ती बाई आणखी जोरात हात हलवायला लागली. दोनदा हात हलवले आणि मग तिनं कपाळावर हात मारून घेतला, या बावळटांना कळत कसं नाही, अशा थाटात.

त्या क्षणी मला ते ओळखीचं वाटलं नाही. फक्त तिचा राग आला, आणि त्या रागानंच मी पाऊल उचललं. "चला," मी म्हटलं. "ती माणसं उभी आहेत म्हणजे तिथं जमीन आहे."

मोहनरावांनी मुक्ताला खांद्यावर घेतलं. मी ह्यांचा शर्ट मागून मुठीत धरला. पाणी मांड्यांपर्यंत आलं, मग कमरेपर्यंत. ओल्या साडीचे पायात वेढे बसत होते. डबा, थर्मास, छत्री, सगळं सोडून दिलं. एका ठिकाणी पाय एकदम खाली गेला, पाणी हनुवटीला लागलं आणि माझ्या नाकातोंडात खारट पाणी गेलं. ह्यांनी मागं हात घालून माझी वेणी धरली आणि अक्षरशः ओढलं. वर मुक्ता रडत नव्हती. "स्ट्रेट, बाबा. स्ट्रेट," ती एवढंच म्हणत होती. धुळीमुळे समोरचं काही दिसत नव्हतं, पण उंचावरून बहुतेक तिला दिसत होतं.

मग पायाला दगड लागला. खरखरीत, धारदार. पाणी गुडघ्यावर आलं, घोट्यावर आलं, आणि आम्ही त्या उंचवट्यावर चढलो.

आम्ही चढलो, तेव्हा तिथून पाणकावळ्यांचा एक मोठा थवा फडफडत उडाला.

माणूस नव्हता. कुणीही नव्हतं. आमच्या आवारापेक्षाही लहान तो खडक, त्याच्यावर पक्ष्यांच्या विष्ठेचा पांढरा थर. लपायला जागा नाही. पलीकडे नुसतं पाणी. बोट नाही. आणि ते पक्षी... माणसं उभी असताना पक्षी तिथं बसलेच कसे असते? मी मोहनरावांकडे बघितलं. त्यांनी नजर चुकवली.

"गेली असतील," ते म्हणाले.

"कशानं?"

ते वाकून पाणी कुठवर आलंय ते बघायला लागले.

विचार करायला वेळही नव्हता, कारण पाणी अजून चढत होतं. वाऱ्यानं आता लाटा उठायला लागल्या होत्या आणि एखादी थेट खडकावर चढून पायावरून जायची. मुक्ता लहानशी, हलकी. एका लाटेत ती बसकण मारून घसरली तेव्हा मी किंचाळलेच. तिला बांधायला हवं होतं. दोरी कुठली? मी उभ्या उभ्या साडी सोडली. शरमेचा प्रश्नच नव्हता, पण सवयीनं मी आजूबाजूला बघितलं, तर मोहनराव म्हणाले, "इथं कोण बघतंय?" मी साडीचा पीळ केला, मुक्ताच्या कमरेभोवती दोन वेढे दिले आणि दुसरं टोक ह्यांच्या कमरेला गच्च आवळलं.

साडी हिरवी होती.

गाठ मारून सरळ झाले आणि वाऱ्यानं माझा परकर फडफडला. सकाळच्या घाईत हिरवा परकर सापडला नव्हता. हाताला आला तो मी घातला होता. तो लाल होता.

मी खाली बघितलं. परत बघितलं. अंगावर काटा येणं म्हणजे काय ते मला तोवर ठाऊकच नव्हतं. मी ह्यांना काही म्हणणार इतक्यात मुक्ता म्हणाली, "आई, देअर आर पीपल ऑन अवर सँड."

मी वळले. धूळ पुन्हा विरळ झाली होती. पलीकडे, आम्ही सोडून आलेल्या पट्ट्यावर, म्हणजे जिथं तो पट्टा होता तिथं, पाण्यात तीन माणसं उभी होती. पांढऱ्या शर्टातला एक पुरुष. एक छोटी मुलगी. आणि हिरव्या साडीतली एक बाई.

मोहनरावांनीही बघितलं. त्यांनी लगेच पाठ फिरवली आणि मुक्ताचं डोकं आपल्या पोटाशी दाबून धरलं. "बघू नको," ते मला म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू येईना. "हात करू नको. ऐक माझं. पाण्यातल्या माणसाला हात केला की ते मागं येतं. घरापर्यंत येतं."

"अहो, पण ती आपणच..."

"म्हणून सांगतोय!"

मी खरं सांगते, मी घाबरले होते. समोरच्या त्या बाईला बघायची मला हिंमत होत नव्हती. पण ती मुलगी! ती तशीच वॉटरबॅग गळ्यात अडकवून घोटाभर पाण्यात उभी होती आणि आमच्याकडे बोट दाखवत होती. दोघं मोठी माणसं नुसती वाद घालत उभी होती. पाणी वाढत होतं आणि त्यांना कळत नव्हतं. मला माहीत होतं ते काय बोलताहेत. एकजण म्हणतोय, इथंच थांबू. थांबले असते तर काय झालं असतं, तेही मला माहीत होतं.

"माझी मुलगी तिथं आहे," मी म्हटलं.

ह्यांनी माझं मनगट धरलं. मी झटकलं. मी दोन्ही हात वर केले आणि हलवायला लागले. या! या, इकडे या! ओरडलेसुद्धा, पण वारा उलटा होता. ती बाई बघत होती, पण हलत नव्हती. काय बावळट बाई! मला रडू येत होतं आणि रागही येत होता. मी पुन्हा हात हलवले, आणि ते झालं तेव्हा मला कळलं की मी काय केलं... मी कपाळावर हात मारून घेतला होता.

तेव्हा ती तिघं निघाली. पुरुषानं मुलीला खांद्यावर घेतलं. ती बाई त्याच्या मागं. मांड्यांपर्यंत पाणी, मग कमरेपर्यंत. मग मधे धूळ आली आणि तिघंही दिसेनाशी झाली.

आम्ही वाट बघत राहिलो. माझी नजर हलली नाही. मोहनरावही आता वळून बघत होते. कुठं बघायचं तेवढं आम्हाला ठाऊक होतं, कारण आम्ही त्याच वाटेनं आलो होतो. पाणी खडकावर घोट्यापर्यंत चढलं, बराच वेळ तिथंच थांबलं आणि मग हळूहळू उतरायला लागलं. वारा पडला. धूळ खाली बसली. पलीकडचं पाणी स्वच्छ दिसायला लागलं. पाण्यात काही नव्हतं.

दिवस कलायला लागला होता, तेव्हा अबू सालेमची बोट आली. त्याच्या इंजिनात पाणी गेलं होतं, वाऱ्यानं त्याला कुठल्या कुठं नेलं होतं. त्यानं आम्हाला उचलून बोटीत घेतलं, मुक्ताला स्वतःच्या डोक्यावरचा गुत्रा काढून गुंडाळला, माझ्याकडे न बघता मला एक गोणपाट दिलं. सारखं "हम्दुलिल्ला, हम्दुलिल्ला" म्हणत होता. आणि मग त्यानं इकडेतिकडे बघितलं.

"बाकी नफर किदर?" नफर म्हणजे माणसं.

"कौन बाकी?" मोहनरावांनी विचारलं.

"बाकी तीन नफर. मैं दूर से देखा. तीन इदर पत्थर पे, तीन पानी में. औरत था, हरा कपडा. छोटा बच्चा उपर." त्यानं स्वतःच्या खांद्यावर हात ठेवून दाखवलं. "इदर आता था. किदर गया?"

काय सांगणार होते मी त्याला? म्हाताऱ्याला आमचं गप्प बसणं समजेना. त्यानं बोट वळवली आणि शोधायला लागला. खडकाभोवती फिरला, पट्ट्यापर्यंत गेला, परत आला. दर थोड्या वेळानं इंजिन बंद करून हाक मारायचा आणि कान देऊन ऐकायचा. आपल्या बापजाद्यांपासूनच्या समुद्रात एक लहान पोर बुडालं असेल, या विचारानं त्याचे डोळे भरले होते. "बच्चा था, सदीक," तो ह्यांना, आपल्या मित्राला, पुन्हा पुन्हा म्हणत होता. उजेड कमी झाला तेव्हा त्यानं "मफी... कोई मफी" म्हणजे कुणी नाही, म्हणून मान हलवली आणि बोट किनाऱ्याकडे नेली. त्याला मिळाला तो फक्त आमचा खिचडीचा डबा.

त्यानंतर मी पुस्तकं उलथीपालथी केली. मृगजळाची सगळी प्रकरणं वाचली. थंड पाण्यावर गरम हवा असली की दूरच्या वस्तू उचललेल्या, दुहेरी, उलट्या दिसू शकतात, हे सगळं खरं आहे. पण मृगजळात जे असतं ते दिसतं. जे अजून व्हायचंय ते दिसत नाही. मी पट्ट्यावर साडी नेसून उभी होते तेव्हा माझी साडी सुटायची होती. मुलीला बांधायचं मला सुचायचं होतं. भीतीनं भ्रम झाला म्हणावं, तर तिघांना एकच? आणि अबू सालेमला कसली भीती होती? माझ्याकडे उत्तर नाही. वर्गात मी पोरांना सांगायची, "माहीत नसेल तर 'माहीत नाही' असं लिहा, ठोकून देऊ नका." तेच आज स्वतः लिहितेय.

मोहनरावांनी त्यानंतर कधी तिथीचा हिशेब मांडला नाही. गावी गेलो तरी समुद्रावर यायचे, पण पाण्याकडे पाठ करून बसायचे. त्या दिवसाबद्दल ते माझ्याशी एकदाच बोलले, शेवटच्या आजारपणात. "तू हात केलास ते बरं केलंस," म्हणाले. मी म्हटलं, "तुम्ही नको म्हणत होतात." तर म्हणाले, "मला वाटलं, ते इथं आले तर आपण कुठं जायचं?"

मुक्ता आता स्वतः आई आहे, दूर थंडीच्या देशात. ती सहसा हा विषय काढत नाही. पण मागच्या महिन्यात फोनवर, तिच्या मुलीला पोहायला टाकलंय वगैरे सांगता सांगता मधेच थांबली आणि चक्क मराठीत म्हणाली, "आई, ती तिघं पोचली असतील ना गं?"

"वेडी आहेस का?" मी म्हटलं. "आपण पोचलो ना? मग?"

पण आम्हाला दोघींनाही माहीत आहे. आम्ही त्या खडकावर बोट येईपर्यंत उभ्या होतो. मी त्यांना हात करून बोलावलं, ती तिघं माझ्या सांगण्यावरून पाण्यात उतरली... आणि आमच्यापर्यंत कुणीच आलं नाही.